निरोगी नमुना

टेक्निशियनबाईंनी बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"घ्या मॅडम. आज मीच नॉर्मल."

मॅडमनी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि सुई घातली. जांभळ्या टोपणाची नळी भरत आली तशी टेक्निशियनबाईंनी मान भिंतीकडे वळवली. आयुष्यभर लोकांची रक्तं काढलेल्या या बाईला स्वतःचं रक्त बघवत नसे आणि त्यावरून लॅबमध्ये त्यांची रोज थट्टा होई.

"तुमचे भाऊ कुठे गेले पण?"

"कुठल्याशा इमारतीत नवी लिफ्ट बसवताहेत. सुटका नाही म्हणाला."

"त्यांच्या रक्ताची सर माझ्या रक्ताला नाही हो यायची. माझ्यात नुसता चहा."

मॅडम हसल्या. नळी हलकेच उलटसुलट करून त्यांनी ती मशीनजवळच्या स्टँडमध्ये ठेवली.

पेशी तपासणाऱ्या त्या मशीनवर रोग्याच्या नळीच्या आधी एका धडधाकट माणसाची नळी लावायची पद्धत होती. धडधाकट रक्तातले ठिपके पडद्यावर कुठे पडतात ते बघायचं आणि रोग्याचे ठिपके त्याच्याशी ताडायचे. एक ठिपका म्हणजे एक पेशी. हा धडधाकट माणूस म्हणून गेली काही वर्षं मॅडमचा धाकटा भाऊ येत असे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, रस्त्यात काम असलं की वर यायचा, हात पुढे करायचा, चार विनोद करायचा आणि जायचा. त्याच्या नळीवर नाव नसे, नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं असे. लॅबमधले लोक त्याला हाकही तीच मारत. "नॉर्मल आले का?" असं कुणी विचारलं, की तो दारातूनच "हजर!" म्हणायचा.

आजची दुसरी नळी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची होती. या शिवणवाल्या बाई मागच्या वर्षीही येऊन गेल्या होत्या. अंगभर खाज, डोळ्यांभोवती सूज आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढलेल्या. ना जंत सापडले होते, ना कसली अॅलर्जी. मग रक्तातल्याच दुसऱ्या पांढऱ्या पेशी, टी पेशी, त्यांना भरीला घालताहेत का, हे बघायला बाईंना इथे पाठवलं होतं. इथून 'टी पेशींमध्ये दोष आढळला नाही' असा रिपोर्ट गेला आणि त्याखाली मॅडमची सही होती. आता काखेत गाठी आल्या, म्हणून रक्तविकार विभागाच्या सरांनी बाईंना परत पाठवलं होतं.

मशीन घुमू लागलं. पडद्यावर ठिपक्यांची दाटी होत गेली. टेक्निशियनबाई सुईच्या जागचा कापूस दाबून धरत मॅडमच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, आज नॉर्मलमध्ये कचरा नाही आला."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

कचरा म्हणजे डाव्या कोपऱ्यातला ठिपक्यांचा एक छोटा पुंजका. टी पेशींवर ज्या खुणा असायला हव्यात, त्यांतली एक या ठिपक्यांवर असे आणि दुसरी, मुख्य, नसे. धाकट्याच्या रक्तात तो पुंजका दर वेळी उमटायचा. रोग्यांच्या नळ्या वॉर्डातून उशिरा येत, धाकट्याची मात्र शिरेतून निघून थेट मशीनवर जाई. त्यामुळे ताज्या, ऊबदार रक्ताला रंग नीट बसत नाही आणि त्या अर्धवट रंगलेल्या पेशी डावीकडे जाऊन पडतात, असं मॅडमनी कारण काढलं होतं. शहाण्या माणसाला चुकीचं कारणसुद्धा शहाणपणाचंच सुचतं. त्यांनी ते विद्यार्थ्यांना शिकवलं, फळ्यावर काढून दाखवलं, आणि "डावीकडचा कचरा मोजायचा नाही" हा लॅबचा नियम होऊन गेला.

टेक्निशियनबाईंचं रक्त आत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर निघालं होतं. नळी अजून हाताला कोमट लागत होती आणि डावा कोपरा स्वच्छ होता.

मॅडमनी शिवणवाल्या बाईंची नळी लावली. डाव्या कोपऱ्यात पुंजका जागच्या जागी उभा राहिला, आधीपेक्षा कितीतरी दाट.

कॉम्प्युटरमधून त्यांनी मागच्या वर्षीचं चित्र काढलं. शिवणवाल्या बाईंचा पुंजका एका बाजूला, त्याच दिवशीच्या नॉर्मलचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच जागी, एकाच आकाराचे. त्या दिवशी शिवणवाल्या बाईंचंही रक्त याच खुर्चीत काढून लगेच लावलं होतं, म्हणजे ताजं रक्त, म्हणजे कचरा. आपण काय म्हणालो होतो, तेही मॅडमना आठवलं. नॉर्मलमध्येही आहे ना, मग झालं तर.

मग त्यांनी नॉर्मलची जुनी चित्रं एकामागून एक उघडली. अगदी सुरुवातीला पुंजका जेमतेम होता, शोधला तरच दिसावा असा. पुढे तो भरत गेला. घाईघाईने नव्हे, सावकाश, पोराची उंची वाढावी तसा. रोज बघणाऱ्याला काही कळू नये.

"चहा आणू?" टेक्निशियनबाईंनी मागून विचारलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि चहा आणायला त्या कधी जात नसत.

मॅडमना लाज वाटली. भीती नंतर वाटली, आधी लाजच वाटली, आणि भावाच्या आधी स्वतःची सही आठवली याचीही त्यांना मागाहून लाज वाटली. त्यांनी पडदा बंद केला नाही. उठून बेसिनपाशी गेल्या आणि हातमोजे घातलेलेच हात धूत राहिल्या.

*

"इतकं काय तातडीचं आहे? तिथे माणसं अडकलीत का?" फोनवर धाकट्याने थट्टा केली, पण दुपारी आला.

तो लिफ्टने वर आला. पूर्वी तो जिन्याने यायचा. 'हलवायाने आपली मिठाई खायची नसते' असं म्हणत दोन-दोन पायऱ्या चढत यायचा. मॅडम आज दारातच उभ्या होत्या, म्हणून त्यांना लिफ्ट उघडलेली दिसली. आत तो भिंतीला टेकून उभा होता आणि दार उघडल्यावर सरळ झाला.

"हजर!"

खुर्चीत बसून त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. मॅडमनी बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते, जुन्यांवर नवे. त्वचा जाड आणि काळपट झाली होती. या हातात त्यांनी किती वेळा सुई घातली होती! शीर सोडून त्यांनी कधी काही पाहिलं नव्हतं.

"हे काय?"

"ग्रीस लागतं गं. खाजतं."

"आणि डोळ्यांखाली?"

"वय झालं ताई. तुझ्यापेक्षा लहान असलो म्हणून काय झालं!"

त्यांनी दोन नळ्या जास्त भरल्या. त्यांतली एक त्यांनी पेशी मोजणाऱ्या साध्या मशीनवर लावली. कोपऱ्यावरच्या कुठल्याही दवाखान्यात ते मशीन असतं, पण धाकट्याचं रक्त त्यावर आजवर एकदाही लागलं नव्हतं. जो नॉर्मलच आहे, त्याचं मोजायचं कशाला? आकडे आले आणि मॅडमनी ते टेक्निशियनबाईंना दाखवले नाहीत. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली घातला. नारिंगी दाण्यांनी ठासून भरलेले इओसिनोफिल जिकडे बघावं तिकडे होते.

धाकटा बाहेर टेक्निशियनबाईंशी बोलत होता. "आमची जागा पटकावलीत म्हणे तुम्ही!" टेक्निशियनबाईंना नेहमी याच्या बोलण्याचं हसू येई. आज त्या नुसतं "छे हो" म्हणाल्या.

मॅडमनी त्याला आपल्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, तेही क्रमाने. आधी आजार, मग चूक.

"तुझ्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी फार वाढल्यात. म्हणून खाज येते, सूज येते. दम लागतो?"

"थोडा."

"त्या पेशी त्वचेत जाऊन बसतात, फुफ्फुसात, नसांमध्ये बसतात. हृदयातही बसतात, आणि ते वाईट. उद्या हृदयाची तपासणी करून घेऊ."

"बरं. मग मारून टाका त्यांना."

"औषधाने कमी होतात. पण मूळ दोष त्यांचा नाहीच. त्या आपणहून येत नाहीत, त्यांना बोलावणं जावं लागतं. बोलावतात त्या टी पेशी. शरीराच्या राखणदारच त्या. त्यांच्यातलीच एक टोळी बिघडली की गरज नसताना बोलावत सुटते."

धाकट्याने जरा विचार केला.

"म्हणजे कुठल्यातरी मजल्यावरचं बटण अडकलंय. लिफ्ट आपली धावतेय बिचारी. आणि लोक शिव्या घालतात लिफ्टला."

"हो. तसंच."

"आणि ते बटण सापडतं तुझ्या मशीनवर?"

"सापडतं."

आता पुढचं वाक्य होतं. मॅडमनी टेबलावरचा पेन उचलला, त्याचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं. तेवढ्यात धाकटाच बोलला.

"ताई, रागावू नकोस. मला खाज बरेच दिवस येते. इथे यायच्या आदल्या दिवशी मी गोळी घ्यायचो, खाजेची. मेडिकलवाला देतो ती."

"का?"

"का म्हणजे?" तो हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "घरात हुशार तू. बक्षिसं तुझी, कपाट तुझं. मी आपला शेपूट. एवढ्या मोठ्या मशीनला माझं रक्त लागतं म्हटल्यावर बरं वाटायचं गं. साईटवर सगळ्यांना सांगितलंय मी, आजारी कोण ते माझ्यावरून ठरवतात म्हणून. खाजतं म्हटलं असतं तर तू दुसरा माणूस बघितला असतास."

मॅडमनी पेन टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुझं मशीन मीच बिघडवलं म्हणायचं," तो म्हणाला. "वरचे तुला बोलतील का?"

"नाही बोलणार," मॅडम म्हणाल्या.

आणि पुढचं वाक्य राहिलं. गोळीने खाज लपते, ठिपके लपत नाहीत. हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. तो गेल्यावर दार लोटून त्या बराच वेळ खुर्चीत बसल्या. आपण एवढ्या भित्र्या असू, असं त्यांना वाटलं नव्हतं.

*

रक्तविकार विभागाच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि तोडगाही दिला.

"निरोगी म्हणून येणाऱ्यानेच लक्षणं लपवली, तर लॅब काय करणार? शिवणवाल्या बाईंच्या सुधारित रिपोर्टमध्ये तेवढी एक ओळ घाला. तुलनेचा नमुना सदोष होता. प्रश्न मिटला."

"सर, पुंजका मला दिसत होता. दर वेळी."

"दिसतं पुष्कळ हो सगळ्यांना. आणि माणूस घरचाच आहे ना? तो काय तक्रार करणार आहे?"

मॅडमनी खोलीत येऊन ती ओळ लिहिली. वाचून पाहिली. तिच्यात एक शब्द खोटा नव्हता. रिपोर्ट गेला, शिवणवाल्या बाईंचे उपचार सुरू झाले, आणि उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तशी मॅडमच्या सहीला मॅडमचीच दुसरी सही साक्ष राहिली.

धाकट्याच्या हृदयाच्या तपासणीत आतलं अस्तर एका बाजूला जाड झालेलं दिसलं. औषधाने ते किती मागे हटेल, हे आज सांगता येत नाही, असं हृदयाचे डॉक्टर म्हणाले. आधी आला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. हे डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, तसंच म्हणाले. धाकट्याने मान डोलावली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. एरवी या दोघींचं सूत बेताचंच होतं. नणंद डॉक्टर, म्हणून भावजय जरा जपून बोलायची आणि 'वन्सं' म्हणताना त्यात थोडा खवचटपणाही मिसळायची. आज तिचा आवाज भरून आला होता.

"वन्सं, तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. नाहीतर हा माणूस काही सांगतो का? अंथरुणात रात्रभर पाय घासायचा. विचारलं की म्हणायचा, मला काय धाड भरलीय, आख्ख्या हॉस्पिटलात मी नॉर्मल आहे. मी म्हटलं, एवढी शिकलेली बहीण दर महिन्याला रक्त बघते, मग असेल बाबा बरोबर. मीच मूर्ख. थांबा, आईंना बोलायचंय."

आईने फोन घेतला. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्याने बोलायची.

"घरात डॉक्टर आहे म्हणून निभावलं गं बाई. देव तुझं भलं करो. तो लहानपणापासून असाच, पडला तरी सांगायचा नाही. तूच ओळखायचीस."

"हो आई," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत त्या समोरच उभ्या होत्या.

*

बाह्यरुग्ण विभागाच्या बाहेर लांब बाक होते. सकाळी तिथे बसायला जागा मिळत नसे, पण आज नशिबाने गर्दी बेताची होती. मॅडम दोन मजले उतरून आल्या. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. धाकट्याचा आज सरांकडे नंबर होता आणि त्याच्याबरोबर आत जायचं त्यांनी कबूल केलं होतं.

वळणावरूनच त्याचा आवाज आला. तो कुणाला तरी खाजेवरचे उपाय सांगत होता.

"गार पाणी बरं. गरम पाण्याने तेवढ्यापुरतं छान वाटतं, मग दुप्पट. आणि नायलॉनचे मोजे बंद."

"मोजे कुठले, मला तर शिवायला घेतलेलं कापड लागलं तरी आग होते," बाईमाणसाचा आवाज म्हणाला.

मॅडम थांबल्या. बाकाच्या टोकाला धाकटा बसला होता, आणि त्याच्या शेजारी, मध्ये पिशवी ठेवून, शिवणवाल्या बाई. दोघांचे चेहरे नव्या गोळ्यांनी एकसारखे फुगले होते. परक्या माणसाला वाटावं, भाऊ-बहीण हेच.

धाकट्याने त्यांना पाहिलं.

"ताई, ये! या बाईंना पण माझंच आहे. बटणवालं. ऐकून घे, यांची बोटं बधिर झालीत. सुई टोचली तरी कळत नाही."

"कळतं, पण उशिरा," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी मॅडमना ओळखलं आणि उठायला लागल्या. "अगोबाई, मॅडम का तुमची बहीण? यांनीच बघितलं होतं ना माझं मागच्या वर्षी."

"बसा, बसा," मॅडम म्हणाल्या.

"टाक्यावर रक्ताचा डाग पडलेला मला गिऱ्हाइकानेच दाखवला," बाई धाकट्याला सांगत होत्या. "पांढरा ब्लाउज होता. तोंड लपवायला जागा राहिली नाही. आता सगळी कामं सुनेकडे. मी नुसती बटणं मोजून देते." मग त्या मॅडमकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती ओळख होती. "मॅडमनी किती छान समजावून सांगितलं होतं तेव्हा. पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, हे तुमचे ठिपके, हे एका निरोगी माणसाचे. त्यालाही असेच आहेत, तेव्हा घाबरायचं काही नाही. मला इतकं हायसं वाटलं! मनातल्या मनात म्हटलं, कोण असेल तो माणूस, सुखी राहो."

धाकटा हसत होता, तो हळूहळू हसायचा थांबला.

"मग रात्री खाज सुटली की मी स्वतःलाच रागवायची," बाई म्हणाल्या. "त्या माणसाचे ठिपके तेच, तो कसा मजेत हिंडतोय, आणि तुझीच मेली थेरं. डॉक्टरकडे जायचीही लाज वाटायला लागली. गाठी आल्या तेव्हा आले."

धाकट्याने बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं. मग त्याने हात जोडले.

"बाई, तो माणूस मी."

"कुठला?"

"निरोगी. मजेत नव्हतो हिंडत, मलाही खाजायचं. मी लपवलं. माझ्यापायी तुमचं वर्ष गेलं. माफ करा मला."

शिवणवाल्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, बाहीकडे. "अहो, हात काय जोडता!" त्या घाईने म्हणाल्या. "तुम्हाला तरी काय ठाऊक? तुम्हीही माझ्यासारखेच."

एवढ्यावर हे मिटलं असतं. बाईंनी माफ केलं होतं, धाकट्याने सगळं अंगावर घेतलं होतं, आणि सुधारित रिपोर्टमध्येही तेच लिहिलं होतं. मॅडम नुसत्या गप्प राहिल्या तरी पुरे होतं. त्यांनी धाकट्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. लहानपणी फुटलेल्या काचेसाठी, सांडलेल्या शाईसाठी तो असाच पुढे व्हायचा. फोडलेलं बहुतेक वेळा ताईनेच असायचं.

"त्याचं काही नाही यात," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "त्याने गोळ्या घेतल्या नसत्या तरी मशीनवर हेच दिसलं असतं. मला ते दिसत होतं. त्याच्यातही दिसत होतं, तुमच्यातही. ते काही नाही असं मी ठरवलं. तो माझा भाऊ म्हणून तो बरा आहे असं धरून चालले, आणि त्याच्यावरून तुम्हालाही बरं ठरवलं. चूक माझी आहे. रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं नाही. आज लिहीन."

समोरून एक चाकाची खुर्ची गेली. तिला वाट द्यायला मॅडम बाकाच्या जवळ सरकल्या.

"मग आता कुणाशी ताडून बघता?" शिवणवाल्या बाईंनी थोड्या वेळाने विचारलं. त्या रागावल्या होत्या की नाही, ते कळत नव्हतं. माप चुकलं तर पुढचं माप कशाने घ्यायचं, हे विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"सहा वेगवेगळ्या जणांशी. त्यांचंही आधी सगळं तपासून. आणि घरचं कुणी नाही."

धाकटा इतका वेळ खाली फरशीकडे बघत होता. त्याने मान वर केली, पण ताईकडे नाही, बाईंकडे वळवली.

"ऐकलंत? माझ्या एकट्याच्या जागी सहा माणसं घ्यावी लागली."

शिवणवाल्या बाईंना हसू आवरलं नाही. हसता हसता त्यांनी मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर जागा झाली. मॅडम त्या जागेत बसल्या. धाकट्याचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला आणि त्याने तो काढून घेतला नाही.

"ताई," तो समोर बघतच हळू आवाजात म्हणाला, "गोळी घ्यायचो ते खरं. पण तू एकदा जरी विचारलं असतंस ना, कसा आहेस म्हणून, तर सांगितलं असतं मी."

मॅडमनी हो म्हणून मान हलवली. आतून शिवणवाल्या बाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठून गेल्यावर बाक बराच मोकळा झाला, तरी दोघं तसेच एका टोकाला चिकटून बसून राहिले.